फिरत्या शिक्षकाचा वर्षावास

दुबईच्या शाळेत नोकरी मिळवायची तर काय काय जुळवावे लागते, हे आता महाराष्ट्रातल्या पुष्कळ शिक्षकांना तोंडपाठ आहे. बी.एड., वर्गात शिकवल्याचा अनुभव, पदवीच्या प्रमाणपत्रावर आधी राज्य शासनाची, मग परराष्ट्र मंत्रालयाची आणि शेवटी अमिरातीच्या वकिलातीची मोहोर, पोलिसांचा दाखला, व्हिडिओ कॉलवरची मुलाखत आणि एखादा नमुना पाठ. तिथे उतरल्यावर रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे, एमिरेट्स आयडी, भाड्याच्या घराची इजारी नोंदणी, बँकेतले खाते. हे सगळे कसे करायचे ते सांगणारी माणसे जागोजागी भेटतात. एका प्रश्नाची चर्चा मात्र क्वचितच होते. जो त्या गावचा नाही, तिथे कायमचा राहणार नाही, पगारासाठी आला आहे आणि करार संपला की निघून जाणार आहे, तो तिथल्या मुलांचा खऱ्या अर्थाने शिक्षक होऊ शकतो का? की तो फक्त विषय पोहोचवणारा कामगार राहतो? हा प्रश्न वरवर आजचा वाटतो, पण तो फार जुना आहे. आपल्या आणि ग्रीकांच्या विचारवंतांनी त्यावर कडक निकाल दिलेले आहेत, आणि ते बहुतेक फिरत्या, पगारी शिक्षकाच्या विरुद्ध गेलेले आहेत. माझे मत असे की आरोप दोन आहेत, त्यातला पहिला टिकत नाही आणि दुसरा अर्धा टिकतो. त्या टिकणाऱ्या अर्ध्यातूनच परदेशी शिकवायला जाणाऱ्याचा धर्म काय, याचे उत्तर निघते.

पहिला आरोप पैशाचा. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला कोणाला बोलावू नये याची मोठी यादी आहे, आणि तीत वेतन घेऊन शिकवणारा आहे, तसाच वेतन देऊन शिकणाराही आहे. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात आचार्य आणि उपाध्याय असे दोन दर्जे केले आहेत. उपजीविकेसाठी वेदाचा एखादा भाग किंवा वेदांगे शिकवतो तो उपाध्याय, आणि असे दहा उपाध्याय एका आचार्याच्या तोलाचे नाहीत. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’च्या पहिल्या अंकात तर ज्याची विद्या निव्वळ पोटासाठी आहे त्याला ज्ञानाचा व्यापारी म्हटले आहे. तिकडे अथेन्समध्ये प्लेटोने सोफिस्टांवर हाच ठपका ठेवला. अब्देराचा प्रोटॅगोरस, लिओन्टिनीचा गॉर्जिअस, केऑसचा प्रॉडिकस, एलिसचा हिप्पिअस हे सगळे परगावचे. श्रीमंत घरांतल्या तरुणांना शुल्क घेऊन वक्तृत्व आणि व्यवहारज्ञान शिकवणारे. आजच्या भाषेत सांगायचे तर ते आंतरराष्ट्रीय शिक्षकच होते.

हा आरोप का टिकत नाही? विनावेतन शिकवणाऱ्या गुरूचे घर कोण चालवत होते, हा प्रश्न विचारला की तो ढासळतो. अग्रहाराच्या जमिनी, राजाची दाने, शिष्याने आणलेली भिक्षा आणि लाकडे, शेवटी दिलेली दक्षिणा. पैसा तेव्हाही होताच, तो फक्त दुसऱ्या दाराने येत होता. ज्याला त्या दारातून प्रवेश नव्हता त्याला विद्याही नव्हती. कोणाला शिकवायचे आणि कोणाला नाही हे गुरू ठरवी आणि त्याचे निकष जातीचे आणि लिंगाचे असत. पगारी शिक्षक आणि नोंदणीचा पट असलेली शाळा आली, तेव्हा जो येईल त्याला शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य झाले. 1848 नंतर फुले दांपत्याने पुण्यात ज्या शाळा काढल्या त्यांचा अर्थ या पार्श्वभूमीवर कळतो. कालिदासाच्या नाटकातले दोन्ही नाट्याचार्य राजाच्या पगारावरच आहेत. निंदा पगाराची नाही, पगाराखेरीज ज्याच्या विद्येला दुसरा हेतूच उरलेला नाही त्याची आहे. आणि प्रोटॅगोरसची रीत प्लेटोनेच नोंदवून ठेवली आहे. शिष्याला ठरलेले शुल्क मान्य नसेल तर त्याने देवळात जावे, या शिक्षणाची आपल्याला वाटणारी किंमत शपथेवर सांगावी आणि तेवढीच द्यावी. आपल्या शिकवण्याचे मोल विद्यार्थ्याच्या सद्सद्विवेकावर सोपवणारा माणूस केवळ दुकानदार कसा म्हणावा?

धर्मानंद कोसंबींचे उदाहरण इथे फार बोलके आहे. गोव्यातल्या सांखवाळचा हा माणूस, 1876 चा जन्म, बौद्ध धर्म शिकण्यासाठी सिंहलद्वीपापर्यंत गेला. कलकत्त्याची चांगल्या पगाराची जागा सोडून सयाजीराव गायकवाडांच्या महिना 50 रुपयांवर त्यांनी महाराष्ट्रात राहणे पसंत केले. तेच कोसंबी 1910 मध्ये हार्वर्डला गेले, पुढे लेनिनग्राडलाही गेले. पैसा कमी घेतला तेव्हा ते अधिक पवित्र शिक्षक होते आणि परदेशी वेतन घेतले तेव्हा कमी, असे त्यांचे काम पाहणारा कोणी म्हणणार नाही. दोन्ही ठिकाणी पाली आणि बुद्धाची शिकवण यांच्यावरची त्यांची निष्ठा तीच होती. म्हणून पगाराच्या बाबतीत शिक्षकाने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. खरा अन्याय पैशात आहे, पण तो वेगळ्या जागी आहे. आखाती देशांत भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा आणि ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळा यांच्या पगारांत मोठे अंतर असते, आणि पुष्कळदा सारख्याच पात्रतेच्या दोन शिक्षकांमध्ये पासपोर्टच्या रंगावरून फरक होतो. 1880 च्या दशकात पंडिता रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात संस्कृत शिकवत होत्या, तेव्हा त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये अशी हरकत भारतातल्या बिशपांनी घेतली होती, आणि रमाबाईंनी पत्रांतून तिचा ठाम प्रतिवाद केला होता. शिक्षकाची योग्यता सोडून तो कोण आहे, कुठला आहे यावर त्याचा वर्ग आणि वेतन ठरवणे हे ज्ञानाचा व्यापार करण्यापेक्षा मोठे पाप आहे. ते पाप शिक्षकाचे नाही, शाळांचे आहे, आणि पालकांचेही आहे, कारण विशिष्ट चेहऱ्याचा शिक्षक मागणारे तेच असतात.

दुसरा आरोप फिरतेपणाचा, आणि तो जास्त खोल आहे. प्लेटोच्या ‘टिमिअस’मध्ये सॉक्रेटिस म्हणतो की सोफिस्ट गावोगाव हिंडतात, त्यांना स्वतःचे घर नसते, म्हणून राज्य चालवणाऱ्या माणसांचे जगणे त्यांना कळत नाही. मुद्दा असा की शिकवणे म्हणजे माणूस घडवणे, माणूस घडतो तो एका समाजासाठी, आणि त्या समाजाच्या सुखदुःखात ज्याचा वाटा नाही त्याने त्यासाठी माणसे कशी घडवावीत? आईवडील, शेजारी आणि गावातला मास्तर एकमेकांना ओळखतात तेव्हा मुलावर एक अखंड नजर असते. फिरता शिक्षक ती नजर देऊ शकत नाही. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण अथेन्सचाच इतिहास त्याला पुरता दुजोरा देत नाही. सैनिकी मोहिमा सोडल्या तर सॉक्रेटिस शहराबाहेर फारसा गेला नाही, आणि त्या शहराने त्याला विष दिले. ॲरिस्टॉटल स्टॅगिराचा, अथेन्समध्ये परका रहिवासी, त्याला तिथे जमीन घेण्याचा हक्क नव्हता. त्याची लायसिअम ही शाळा भाड्याच्या जागेत चालत असे. इ.स.पू. 323 मध्ये अलेक्झांडर वारला, वारे फिरले आणि त्याला शहर सोडावे लागले. पश्चिमेच्या विचारातली सर्वांत मोठी शाळा चालवणाऱ्या माणसाची कायदेशीर स्थिती आज कामाच्या व्हिसावर राहणाऱ्या शिक्षकासारखीच होती.

दुबईची शिक्षणाची गोष्टही अशीच आहे. देरा भागातली अल-अहमदिया शाळा 1912 मध्ये मोत्यांच्या एका व्यापाऱ्याने काढली आणि तिच्यासाठी विद्वान बाहेरच्या मुलखांतून आणले. मोत्यांचा धंदा बुडाला तेव्हा शाळेवरही संकट आले. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे आधुनिक शाळा उभ्या राहिल्या त्या इजिप्त, पॅलेस्टाइन, जॉर्डन अशा ठिकाणच्या शिक्षकांच्या बळावर. इंडियन हायस्कूल 1961 मध्ये सुरू झाले, म्हणजे संयुक्त अरब अमिराती हे राष्ट्र जन्माला येण्याच्या दहा वर्षे आधी. परका शिक्षक ही तिथली अलीकडची सोय नाही, शाळेचा पायाच त्याने घातलेला आहे. मग परक्याने शिकवू नये हे म्हणणे त्या भूमीपुरते तरी अर्थहीन ठरते. प्रश्न उरतो तो परक्याने कसे शिकवावे याचा.

इथे आपल्या परंपरेतली एक व्यवस्था मला फार शहाणी वाटते, आणि ती म्हणजे भिक्षूंचा वर्षावास. बौद्ध भिक्षू मुळात फिरता. घर सोडणे हीच त्याची दीक्षा. विनयपिटकातल्या महावग्गात सांगितले आहे की पावसाळ्यात भिक्षू हिंडतात, हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवतात अशी लोकांनी तक्रार केली, तेव्हा बुद्धाने तीन महिने एके ठिकाणी राहण्याचा नियम घातला. नियमाचे कारण पाहा. भिक्षूच्या साधनेला विसावा हवा म्हणून तो आलेला नाही. फिरणाऱ्याच्या पायाखाली जे उगवत असते ते मरू नये म्हणून आला आहे. शिक्षक सोडून जातो तेव्हा त्याच्या पायाखाली काय असते? अर्धवट शिकवलेले अपूर्णांक, वाचायला नुकता लागलेला एक मुलगा, पहिल्यांदाच वर्गात बोलू लागलेली एक मुलगी. म्हणून मला शालेय वर्ष हे शिक्षकाच्या वर्षावासासारखे वाटते. शिक्षकाने जन्मभर एका गावात राहावे असा धर्म नाही. पण एकदा वर्षात पाऊल टाकले की ते पुरे होईपर्यंत ते गाव त्याचे आहे, आणि तो त्या गावाचा आहे.

महावग्गात याच प्रकरणात उपनंद नावाच्या शाक्य भिक्षूची कथा आहे. त्याने कोसलच्या पसेनदी राजाला अमुक ठिकाणी वर्षावास करीन असा शब्द दिला. वाटेत त्याला दुसरे दोन विहार दिसले, तिथे चीवरे, म्हणजे भिक्षूंची वस्त्रे, पुष्कळ मिळण्यासारखी होती, म्हणून तो तिकडे राहू लागला. राजा नाराज झाला, लोक बोलू लागले, आणि शब्द देऊन मोडणे हा दोष आहे असे बुद्धाने ठरवले. आंतरराष्ट्रीय शाळांच्या भरतीची ज्याला थोडी ओळख आहे त्याला ही कथा कालची वाटेल. ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या वर्षासाठी शाळा आधीच्या हिवाळ्यापासून माणसे शोधतात. जानेवारीत एका शाळेच्या करारावर सही करायची, मार्चमध्ये जास्त पगाराची जागा आली की पहिलीला नाही म्हणायचे. किंवा सुट्टीत घरी जायचे आणि परतायचेच नाही. रात्रीतून निघून जाणाऱ्या अशा शिक्षकांना या क्षेत्रात ‘मिडनाइट रनर’ म्हणतात, म्हणजे हा प्रकार नाव पडण्याइतका नेहमीचा आहे. उपनंदाला दोष लागला तो चीवरांची इच्छा धरल्याबद्दल नाही. त्याच्या शब्दावर दुसऱ्याने आपली व्यवस्था बसवली होती आणि ती त्याने मोडली, म्हणून लागला.

यावर लगेच येणारा आक्षेप असा की शिक्षकाला नीती शिकवणे सोपे आहे, शाळांचे काय? आश्वासन एक, प्रत्यक्ष पगार दुसरा. सांगितलेला विषय एक, दिलेला वर्ग दुसरा. पासपोर्ट शाळेच्या कार्यालयातल्या कपाटात. हा आक्षेप रास्त आहे, आणि विनयाच्या नियमात त्याचे उत्तर आधीच आहे. हिंस्र पशू, चोर, आग, पूर किंवा अन्नाची टंचाई असेल तर वर्षावास सोडून जाण्यात दोष नाही, असे तो नियम स्पष्ट सांगतो. आजारी आई-वडील किंवा सहकारी यांसारख्या कारणांसाठी सात दिवसांपर्यंत बाहेर जाण्याची मुभाही देतो. म्हणजे ज्यांनी राहण्याचे बंधन घातले त्यांनीच छळ सोसत राहण्याचे बंधन घातलेले नाही. आजचा कायदाही याच दिशेने आहे. अमिरातीच्या 2021 च्या कामगार कायद्यानुसार मालकाला कामगाराची अधिकृत कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, भरतीचा खर्च त्याच्या माथी मारता येत नाही, आणि नोकरी संपताना पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचे मूळ वेतन आणि पुढच्या वर्षांसाठी 30 दिवसांचे द्यावे लागते. जी शाळा हे पाळत नाही तिने शब्द आधीच मोडलेला आहे. तिला सोडताना शिक्षक शब्द मोडत नाही. मात्र इथे एक प्रामाणिक चाचणी लागते. खरोखर घरात पाणी शिरले म्हणून मी निघालो, की पलीकडच्या विहारात चीवरे जास्त आहेत म्हणून मला पाणी दिसू लागले? याचा निवाडा बाहेरचा कोणी करू शकत नाही. नोटिशीची मुदत पाळून, उघडपणे, कारण सांगून जाणारा आणि विमानतळावरून संदेश पाठवणारा यांच्यातला फरक मात्र सगळ्यांना दिसतो.

राहणे म्हणजे फक्त वर्षभर हजेरी लावणेही नव्हे. अतिश दीपंकराचे चरित्र इथे मार्गदर्शक आहे. विक्रमशिलेचा हा आचार्य पश्चिम तिबेटच्या गुगे राज्याने सोने पाठवून, विनवण्या करून बोलावला. विहाराने तीन वर्षांनी परत यावे या अटीवर त्याला जाऊ दिले, असे परंपरा सांगते. 1042 मध्ये तो तिथे पोहोचला, वय साठीच्या घरात. राजा जंगछुब-ओ याने त्याला विनंती केली की आम्हाला अतिगूढ काही नको, आमच्या लोकांना उपयोगी पडेल असे शिकवा. त्यातून ‘बोधिपथप्रदीप’ हा छोटासा ग्रंथ तयार झाला. नालंदा-विक्रमशिलेच्या वादसभांमध्ये गाजणारे ज्ञान त्याने तसेच नेऊन ओतले नाही. समोरच्या माणसाचा प्रश्न घेतला आणि उत्तर त्याच्या मापाचे दिले. परतीची वाट बंद झाली, तो तिथेच राहिला आणि 1054 मध्ये ल्हासाजवळ न्येथांगला वारला. चक्रधरस्वामी मूळचे भडोचचे, म्हणजे गुजरातेतले. त्यांनी महाराष्ट्रात येऊन मराठीतून शिकवले, बायकांना आणि कोणत्याही जातीच्या माणसाला शिकवले, आणि त्यांच्या बोलण्याच्या आठवणींतून म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ उभे राहिले. मराठी गद्याचा आरंभीचा मोठा ठेवा एका परमुलखातून आलेल्या शिक्षकाच्या वाणीवर उभा आहे, हे आपण विसरू नये. त्यांनी आपल्या शिष्यांनाही एका जागी न गुंतता फिरत राहण्याचा आचार घालून दिला. म्हणजे जो सर्वांत जास्त फिरतो तोच स्थानिक भाषेत सर्वांत खोल उतरू शकतो, याचा पुरावा आपल्या घरातच आहे.

या कसोटीवर आजचा आंतरराष्ट्रीय शिक्षक उणा पडतो, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. दहा वर्षे अमिरातीत काढून अरबीत चार वाक्ये न येणारे शिक्षक पुष्कळ आहेत. शाळेत इंग्रजी, घरी मराठी, सुट्टीच्या दिवशी आपलेच मंडळ, आपलाच गणेशोत्सव. महाराष्ट्र मंडळे परक्या मुलखात माणसाला उभे राहायला जागा देतात, मुलांना मराठी ऐकवतात, पहिल्या वर्षीच्या एकटेपणात हात देतात. त्यांचे मोल मी कमी करत नाही. पण ज्या मुलांना शिकवतो त्यांच्या आज्या कोणती भाषा बोलतात, रमजानात शाळेची वेळ कमी होते तेव्हा उपास करणारे बारा वर्षांचे मूल दुपारी कसे असते, ईदला घरात काय होते, हे शिक्षकाला कळले पाहिजे. तेवढे कळल्याशिवाय त्याने त्या मुलाला पाहिलेलेच नाही. रुळणे म्हणजे घर, फर्निचर आणि गाडीचे लायसन्स मिळवणे, ही समजूत अपुरी आहे. त्या मुलाच्या घराला आपण कळण्यासारखे होणे आणि ते घर आपल्याला कळणे, हे रुळणे.

आता सर्वांत अवघड आक्षेप. ज्या देशात बोलण्यावर मर्यादा आहेत, धर्माविषयीचे अनेक प्रश्न वर्गात काढता येत नाहीत, तिथे शिकवणारा सत्याशी तडजोड करत नाही का? पाहुणेपणाच्या नावाखाली गप्प राहणे हा भित्रेपणा नाही का? मला वाटते, संयम आणि खोटे यांच्यात एक रेघ आहे आणि ती शिक्षकाने ओळखली पाहिजे. गिरनारच्या बाराव्या शिलालेखात अशोक वाणीच्या संयमाबद्दल बोलतो. आपल्या पंथाची अवाजवी स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची विनाकारण निंदा टाळावी, कारण दुसऱ्याच्या पंथाचा मान राखण्यानेच आपला पंथ वाढतो, असा त्याचा आशय आहे. हे एका सम्राटाने, हाती सर्व सत्ता असताना लिहिले आहे, भीतीपोटी नाही. वर्गात एखादा विषय न काढणे हा संयम असू शकतो. मुलाने सरळ प्रश्न विचारला असता जे खोटे आहे असे आपल्याला ठाऊक आहे ते खरे म्हणून सांगणे हा संयम नाही, आणि ते कोणत्याही व्हिसासाठी करू नये. या दोन टोकांच्या मधल्या जागेत शिक्षकाला रोज निवड करावी लागते. ज्याला ती जागा फार अरुंद वाटते त्याने करार करूच नये. तिथे जाऊन मनातल्या मनात त्या समाजाचा तिरस्कार करत पगार घेत राहणे, हे मुलांना कळते, आणि त्याहून वाईट शिकवण नाही.

मग आपल्या मुलांचे काय, असे विचारणारे असतात. महाराष्ट्रातल्या शाळांना शिक्षक हवे असताना परदेशी श्रीमंतांच्या मुलांना शिकवायला जाणे हे ऋण विसरणे नाही का? ऋण आहे, हे मी मान्य करतो. पण ते एकट्या शिक्षकावर लादणे मला अन्यायाचे वाटते. 2000 पासून आपल्याकडे नव्या शिक्षकाला शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे मानधनावर ठेवले जाते. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन वर्षानुवर्षे 6,000 रुपये होते, ते 2023 मध्ये 16,000 झाले. शिक्षणाला सेवा म्हणायचे आणि सेवकाला घरभाडेही निघणार नाही असे ठेवायचे, मग तो निघून गेला की कृतघ्न म्हणायचे, हे चालणार नाही. शिवाय जगातल्या एका मुलाला नीट शिकवणे हे दुसऱ्या मुलाकडून काही हिरावून घेणे आहे, असा हिशेब मला पटत नाही. 1924 मध्ये जिनिव्हात राष्ट्रसंघाच्या आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी जी शाळा निघाली तिच्यामागे युद्धानंतरच्या पिढीने एकमेकांना शत्रू समजू नये ही आशा होती. 1968 मध्ये तिथूनच आयबीचा, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा, अभ्यासक्रम आकाराला आला. पुढे या शाळा श्रीमंतांची मिरास झाल्या हे खरे. पण त्या आशेचा वारसा शुल्क भरणाऱ्यांपेक्षा शिक्षकांच्या हाती जास्त आहे.

गीतेचा आधार घेऊन एक पळवाटही काढली जाते, तिचा समाचार घेतला पाहिजे. फळाची आसक्ती नको, मग दोन वर्षांच्या मुक्कामात मुलांमध्ये जीव कशाला गुंतवायचा, आपले काम करावे आणि निघावे. हे गीतेचे उलटे वाचन आहे. अर्जुनाला रथातून उतरण्याची मुभा मिळालेली नाही. फळ आपल्या हाती नसतानाही काम पूर्ण कौशल्याने करायला त्याला सांगितले आहे. आंतरराष्ट्रीय शाळेतल्या शिक्षकाला तर फळ दिसतच नाही. मूल तिसरीत त्याच्या हाताखाली, पाचवीत सिंगापूरला, दहावीत टोरंटोला. आपण लावलेले वाचनाचे वेड पुढे टिकले की नाही हे त्याला कधी कळणार नाही. निष्काम कर्माची याहून खरी परीक्षा कोणती? ती परीक्षा बेफिकिरीने उत्तीर्ण होता येत नाही. या मुलांना तर बेफिकीर शिक्षक परवडतच नाही, कारण त्यांचे सगळेच बदलत असते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रूथ हिल युसीम यांनी 1950 च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास करताना अशा मुलांसाठी ‘थर्ड कल्चर किड्स’ हे नाव रूढ केले. दरवर्षी मित्र जातात, शेजारी जातात. त्यात निरोप न घेता जाणारा शिक्षक मुलाला एक धडा देऊन जातो: माणसांवर विसंबू नये. जूनमध्ये नीट निरोप घेणे, पुढच्या शिक्षकासाठी प्रत्येक मुलाची खरी नोंद ठेवणे, हे म्हणून किरकोळ काम नाही. ज्याचे शिकवणे दुसऱ्याच्या हाती पूर्ण होणार आहे, त्याचा हा धर्मच आहे.

फिरतेपणाच्या आरोपाचा टिकणारा अर्धा भाग इथेच आहे. फिरत्या माणसाचा भूतकाळ त्याच्याबरोबर फिरत नाही. 2014 मध्ये उघड झाले की एक अमेरिकी शिक्षक सुमारे चार दशके वेगवेगळ्या देशांतल्या नामांकित शाळांत शिकवत आणि मुलांवर अत्याचार करत होता. 1969 मध्ये त्याच्या देशात त्याला अशाच गुन्ह्याची शिक्षा झाली होती आणि ती पुढच्या शाळांना कळलीच नाही. त्यानंतर इंटरनॅशनल टास्कफोर्स ऑन चाइल्ड प्रोटेक्शन स्थापन झाला आणि भरतीच्या वेळची चौकशी कडक झाली. म्हणून पोलिसांचा दाखला, जुन्या मुख्याध्यापकांचे संदर्भ, मधल्या रिकाम्या महिन्यांचा खुलासा मागितला की काही चांगल्या शिक्षकांना अपमान वाटतो. तसे वाटू देऊ नये. गावातल्या मास्तराला गाव ओळखत होते, ती ओळख परक्या गावात कागदाने भरून काढावी लागते. प्लेटोला ज्या नजरेचा अभाव खटकत होता, ती नजर आपल्या हातांनी परत उभी करण्याचा हा मार्ग आहे.

पुढच्या वर्षासाठी ज्यांचे अर्ज गेले आहेत त्यांना माझे एक सांगणे आहे. मुलाखतीत पगार, घर, तिकीट, विमा, ग्रॅच्युइटी हे सगळे नि:संकोच विचारा, लेखी घ्या, आणि कागदपत्रे अडवणाऱ्या शाळेला सुरुवातीलाच नकार द्या. त्याबरोबर दोन गोष्टी आणखी विचारा: गेल्या वर्षी वर्षाच्या मध्यात किती शिक्षक सोडून गेले, आणि ज्या वर्गात मी उभा राहणार आहे त्या मुलांचे याआधी किती शिक्षक बदलले. उत्तर ऐकून, त्या मुलांसमोर आपण वर्ष पुरे करू असा शब्द देता येत असेल तरच सही करा.